न बोलणाऱ्या हाताचं ऐकणारा डॉक्टर

हातात पेपर आहे ना? मग पुढे वाचण्याआधी एक छोटा खेळ करू. या पानाची एक कड उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यामध्ये दाबून धरा. दुसरी कड तशीच डाव्या हातात. दोन्ही अंगठे सरळ. आता पान दोन्हीकडे ओढा. (फाटलं तर घरी आमचं नाव सांगा.) अंगठे सरळच राहिले? छान. पण एखाद्याचा अंगठा टोकाच्या पेरात वाकला, तर डॉक्टरांच्या मनात लगेच एका नसेचं नाव येतं. बाकावर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस. अल्नर नर्व्ह. ती दुबळी झाली की अंगठा दाबून धरणारा स्नायू कामातून जातो. मग दुसऱ्याच नसेवर चालणारा स्नायू मदतीला येतो आणि अंगठा वाकवून कागद कसाबसा धरून ठेवतो. माणसाला हे कळतही नाही. बघणाऱ्याला मात्र कळतं.

ही तपासणी ज्यूल फ्रोमां या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना मांडली. फ्रान्समध्ये तिला चक्क वर्तमानपत्राची खूण असंही म्हणतात. मशीन नाही, वायर नाही, सुई नाही. एक पेपर आणि बघणारे डोळे. याच फ्रोमांनी त्या युद्धाच्या काळात ज्यांच्याबरोबर काम केलं आणि पुस्तक लिहिलं, त्यांची ही गोष्ट. जोसेफ बाबिन्स्की.

मेडिकलला गेलेली मैत्रीण असेल तर तिला हे नाव विचारा. ती लगेच पायाचा तळवा दाखवेल. तळव्यावर बोथट टोकाने रेघ ओढायची. मोठ्या माणसाचा पायाचा अंगठा खाली वळला तर ठीक, वर उचलला गेला तर मेंदूकडून येणाऱ्या मार्गात कुठेतरी बिघाड. हीच ती जगप्रसिद्ध बाबिन्स्की खूण. पण पायावरच थांबलो तर हा माणूस अर्धाच कळतो. कारण आयुष्यभर त्यांना एकच प्रश्न छळत होता, आणि तो हाताबद्दल तितकाच खरा होता. समोरच्या माणसाचा हात उचलला जात नाही. तो खरंच उचलत नाही, की मनाने धरून ठेवलाय, की हा माणूस खोटं बोलतोय? आणि हे ठरवायचं कुणी, कशावरून?

परक्या शहरातला मुलगा

जोसेफचा जन्म १७ नोव्हेंबर १८५७ चा, पॅरिसमधला. पण घर पोलिश. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर उरला नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. वडील अलेक्झांडर इंजिनीअर होते आणि रशियन सत्तेच्या जाचातून सुटून पॅरिसला आले होते. जोसेफ आणि त्याचा थोरला भाऊ आँरी, दोघं पॅरिसमधल्या पोलिश शाळेत शिकले. आँरी खाणकामातला इंजिनीअर झाला, जोसेफ डॉक्टर. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारावर त्याने प्रबंध लिहिला. साल १८८५.

त्याच सुमाराला त्याला ते काम मिळालं, ज्यासाठी पॅरिसमधला कुठलाही तरुण डॉक्टर काहीही द्यायला तयार झाला असता. सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांचा मुख्य सहायक. शार्को म्हणजे त्या काळातले मज्जासंस्थेच्या आजारांचे सम्राटच. त्यांची व्याख्यानं ऐकायला डॉक्टर तर येतच, पण लेखक आणि कलावंतही येत. त्याच हिवाळ्यात व्हिएन्नाहून आलेला एक तरुण तिथे बसून नोंदी घेत होता. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

शार्कोंच्या व्याख्यानाचं एक चित्र आहे, आंद्रे ब्रुईए या चित्रकाराने १८८७ मध्ये काढलेलं. नेटवर सहज सापडेल, बघाच. मध्यभागी शार्को, समोर कोट घातलेले पुरुष आणि बाजूला बेशुद्धीत मागे कललेली एक रुग्ण स्त्री. तिचा डावा हात, मनगट, बोटं नीट बघा. सगळं वाकडं, आखडलेलं. आणि तिला मागून सावरणारा उंचापुरा, दाढीवाला तरुण आहे ना? तोच जोसेफ बाबिन्स्की. वय फक्त २९.

गुरू चुकतात तेव्हा

आता त्या वाकड्या हाताकडे वळू. शार्कोंचं म्हणणं असं की हा हिस्टेरिया. म्हणजे मज्जासंस्थेचाच आजार, ठरावीक टप्प्यांनी जाणारा, फक्त मेंदू उघडून बघितला तर काही सापडत नाही असा. १८८५ च्या व्याख्यानांत त्यांनी असे पुरुषही दाखवले होते, ज्यांचा अपघातानंतर एक हात लुळा पडला होता, पण त्या लुळेपणाचा हिशेब नसांच्या दुखापतीने लागत नव्हता. मग संमोहनाखालच्या रुग्णात नुसत्या सूचनेने अगदी तसाच लुळेपणा आणूनही त्यांनी दाखवला. शार्कोंचा मुद्दा मोठा होता: अशा माणसांना ढोंगी म्हणून हाकलू नका, तपासा.

पण गडबड पुढे झाली. सूचनेने लक्षणं उभी राहतात म्हटल्यावर वॉर्डातली किती लक्षणं डॉक्टरांनी स्वतःच उभी केलेली असतील? गुरूला काय बघायचंय हे रुग्णांना कळत होतं, सहायकांनाही कळत होतं. आणि बाबिन्स्की त्यातलेच एक होते. १८८६ मध्ये त्यांनी स्वतः निबंध लिहिला, की लोहचुंबकाच्या प्रभावाने हिस्टेरियाची लक्षणं एका रुग्णातून दुसऱ्या रुग्णात पाठवता येतात! आज हसू येतं. पण त्या खोलीत, त्या गुरूसमोर, त्या टाळ्यांमध्ये बसून हसणं सोपं नव्हतं.

१८९२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेची वरच्या पदाची परीक्षा आली. प्राध्यापक व्हायचं तर हीच पायरी. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते शार्ल बुशार, एकेकाळचे शार्कोंचे शिष्य आणि नंतरचे प्रतिस्पर्धी. शार्कोंचा लाडका बाबिन्स्की त्या यादीत आला नाही. दोन मोठ्या माणसांच्या भांडणात तिसऱ्याचा बळी, हे तुम्हाला कॉलेजच्या राजकारणातही दिसलं असेल. पुढच्याच वर्षी शार्को वारले. बाबिन्स्कींनी ती परीक्षा पुन्हा कधीच दिली नाही. ते शेवटपर्यंत प्राध्यापक झाले नाहीत.

मग केलं काय? १८९५ पासून पितिए या रुग्णालयातला एक विभाग सांभाळला आणि १९२२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच रुग्ण तपासले. बस, एवढंच. पण त्या तपासण्यातच सगळं होतं.

मन ज्याची नक्कल करू शकत नाही

बाबिन्स्कींच्या तपासण्याची पद्धत शार्कोंच्या थाटाच्या अगदी उलट होती. रुग्णाला कपडे उतरवून नीट उजेडात बसवायचं. फार बोलायचं नाही. दोन्ही बाजू ताडून बघायच्या. हातोडी, टाचणी आणि भरपूर वेळ. लक्षात घ्या, सीटी स्कॅन १९७० च्या दशकात आला, एमआरआय त्याच्याही नंतर. जिवंत माणसाच्या डोक्यात काय बिघडलंय हे बघायला तेव्हा खिडकीच नव्हती. खिडकी म्हणजे हात आणि पाय.

त्यांनी स्वतःला घातलेली अट साधी होती. रुग्णाने इच्छा केली, घाबरला, सुचवलं, सोंग आणलं, तरी जी येणार नाही अशी खूण शोधायची. २२ फेब्रुवारी १८९६ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेत त्यांनी तळव्याच्या खुणेबद्दल टिपण मांडलं. लांबी फक्त २८ ओळी. आपल्या असाइनमेंटची प्रस्तावना याहून मोठी असते.

पण तीच शोधाशोध हातांवरही चालू होती. पेपर बाजूला ठेवा आणि करून बघा.

एक हात मांडीवर ठेवा. तळवा, मग हाताची पाठ, पुन्हा तळवा, पुन्हा पाठ, असा भराभर उलटसुलट आपटा. जमतंय? शिरा टाकताना झारा पालटावा तितकं सहज. पण मेंदूच्या मागच्या भागातला लहान मेंदू बिघडला असेल, तर हातात ताकद असूनही ही लय मोडते. हात अडखळतो, चुकतो, मंद होतो. १९०२ मध्ये बाबिन्स्कींनी हे वेगळं ओळखून त्याला नाव दिलं. ताकद असणं आणि ताकद वेळेवर लावता येणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे या साध्या आपटण्यातून कळलं.

दुसरी खूण. मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर हातोडीने हलकेच मारलं की कोपर किंचित वाकतं. १९१० मध्ये बाबिन्स्कींनी दाखवलं की काही रुग्णांत असं मारल्यावर कोपर वाकतच नाही, त्याऐवजी बोटं मिटतात. कोपराचा संदेश जिथून निघतो, त्या मानेतल्या मज्जारज्जूच्या पातळीवरच बिघाड असतो. म्हणजे मनगटावरच्या एका ठोक्याने मानेतला मजला कळला! आणि सांगा, हे कुणाला मुद्दाम जमेल का?

तिसरी खूण तर आज सगळ्यात जास्त वापरली जाते. दोन्ही हात समोर सरळ धरा, तळवे आकाशाकडे, जणू प्रसादाचं ताट घेताय. डोळे मिटा. वीस-तीस सेकंद थांबा. मेंदूकडून येणाऱ्या मार्गात बारीकसा बिघाड असला तरी एक तळवा हळूहळू आत वळू लागतो आणि हात खाली उतरतो. कारण तळवा वर राखणारे स्नायू अशा वेळी आत वळवणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त दुबळे पडतात. लुळ्या बाजूचा हात असा आत वळतो हे बाबिन्स्कींनी नोंदवलं होतं. मुद्दाम हात खाली सोडणारा माणूस सहसा तो नुसता खाली सोडतो. आधी तळवा वळवायचा असतो, हे त्याला ठाऊक नसतं.

(एक सूचना: हे करून बघून स्वतःचं निदान करू नका. रात्रभर मोबाइल धरून अंगठा दुखत असेल तर त्याला कारण वेगळं आहे.)

१९१४ मध्ये त्यांनी आणखी चमत्कारिक गोष्ट सांगितली. काही रुग्णांचा डावा हात पूर्ण लुळा असतो, पण त्यांना ते माहीतच नसतं. उजवा हात हलव म्हटलं की हलवतात. डावा हलव म्हटलं की गप्प राहतात, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारलाय. हे खोटं बोलणं नाही, हट्टही नाही. तो हात आपला आहे आणि तो गेलाय, हे जाणणारी मेंदूतली यंत्रणाच बंद पडलेली असते. या अवस्थेला त्यांनी दिलेलं अॅनोसोग्नोसिया हे नाव आजही तसंच वापरतात.

युद्ध आणि एक काळी बाजू

त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. खंदकांतून हजारो जवान परत येऊ लागले. कुणाच्या दंडातून गोळी गेली होती, कुणाची मूठ मिटलेली ती उघडतच नव्हती, जखम मात्र बारीक. आता हात खरंच गेलाय की नाही या प्रश्नाच्या उत्तरावर पेन्शन, घरी परतणं किंवा पुन्हा मोर्चावर जाणं ठरणार होतं. एका बाजूला बाबिन्स्कींच्या खुणांनी मोठं काम केलं. ज्यांच्या नसा, मज्जारज्जू खरंच दुखावले होते, त्यांना कुणी सोंगाडे म्हणू शकत नव्हतं. शरीरच साक्ष देत होतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या रुग्णांत अशी खूण सापडत नसे त्यांचं काय? हिस्टेरिया हा सूचनेतून उपजतो आणि समजावण्याने बरा होतो, असं मत बाबिन्स्कींनी १९०१ मध्ये मांडलं होतं, त्याला नवं नावही दिलं होतं. समजावणं हा शब्द मऊ आहे. युद्धात तो मऊ राहिला नाही. त्यांचेच शिष्य क्लोव्हिस व्हँसाँ यांनी अशा जवानांवर विजेच्या जोरदार, वेदना देणाऱ्या झटक्यांचे उपचार केले. १९१६ मध्ये एका जवानाने हे झटके घ्यायला नकार दिला आणि डॉक्टरवर हात उचलला. लष्करी न्यायालयात खटला चालला, फ्रान्सभर गाजला आणि जवानाला नाममात्र शिक्षा झाली. रुग्णाला उपचार नाकारायचा हक्क आहे का, यावर उघड चर्चा झाली.

इथे आपण थांबून विचार करावा. खूण सापडली तर आजार आहे, हे बाबिन्स्कींनी पक्कं केलं. पण खूण सापडली नाही म्हणून त्रास नाही, असं त्यातून निघत नाही. आज न्यूरॉलॉजीत अशा रुग्णांना फंक्शनल आजार आहे असं म्हणतात. मेंदूची रचना ठीक असते, पण काम बिघडलेलं असतं. त्यांचा हात त्यांच्यासाठी खरोखरच उचलला जात नसतो. त्यांना ओरडायचं नसतं, झटके तर नाहीच नाही. परीक्षेच्या तोंडावर ज्याचा हात आखडतो तो मुलगा नाटक करतोय, असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

पॅरिस ते सिंहगड रोड

बाबिन्स्कींच्या हाताखाली शिकलेल्यांत जाँ-आलेक्झांद्र बारे नावाचे एक तरुण डॉक्टर होते. हात समोर धरायला लावण्याच्या तपासणीला आज अनेक देशांत बारेंचंच नाव आहे. याच बारेंनी १९१६ मध्ये जॉर्ज गियाँ आणि आंद्रे स्त्रोल यांच्यासह दोन जवानांचा आजार नोंदवला. अंगातली ताकद जाते, हातोडी मारली तरी हातपाय उत्तर देत नाहीत. त्या आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम. ओळखीचं वाटतं? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात रुग्ण वाढले आणि जीबीएस हा शब्द घराघरात पोचला, तोच हा. तेव्हाही रुग्णाजवळ गेलेल्या डॉक्टरने पहिल्यांदा काय केलं असेल? बोटं घट्ट धर म्हटलं असेल, हात वर कर म्हटलं असेल, कोपरावर हातोडी मारली असेल. बाकी तपासण्या त्यानंतर.

आजही ओपीडीत हातांची तपासणी याच क्रमाने होते. आधी नुसतं बघायचं: दोन्ही हात सारखे आहेत का, तळव्याचं मांस कुठे बसलंय का, बोटं थरथरतात का. मग मनगट-कोपर हलवून ताठरपणा. मग ताकद. मग हातोडी. मग नाकाला आणि समोरच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श. शेवटी कापूस आणि टाचणीने संवेदना. सरावाच्या डॉक्टरला पाच मिनिटं पुरतात.

यातला एक भाग तुम्हालाही यायलाच हवा. घरात आजोबांचं बोलणं अचानक अडखळलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली येत असेल, किंवा तिन्हीपैकी एक जरी खूण दिसली, तरी १०८ ला फोन लावा आणि वेळ लक्षात ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. झोपून बघू, सकाळी दाखवू, असं करू नका.

बाबिन्स्कींनी लग्न केलं नाही, थोरल्या आँरीनेही नाही. दोघं भाऊ आयुष्यभर एकाच घरात राहिले. आँरीने घर सांभाळलं, स्वयंपाक केला, आणि १९०७ मध्ये अली-बाब या टोपणनावाने पाककलेचं जाडजूड पुस्तक लिहिलं. फ्रान्सच्या स्वयंपाकघरांत ते खूप गाजलं. म्हणजे एका घरात दोन नावं अमर झाली, एक हातोडीने आणि एक डावाने. जोसेफना नाटकाचं वेड होतं. त्यांनी टोपणनावाने एक नाटक लिहायला हातभारही लावला.

१९३१ मध्ये आँरी गेला. जोसेफना तोवर पार्किन्सन्स झाला होता, हालचाली मंदावणारा, हात ताठर करणारा आजार. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात बघितलेल्या माणसाला आता स्वतःच्या हातांत तो बदल दिसत असणार. २९ ऑक्टोबर १९३२ ला ते गेले. मागे राहिलेल्या शिष्यांत व्हँसाँ आणि थिएरी द मार्तेल होते. फ्रान्समधली मेंदूची शस्त्रक्रिया या दोघांनी उभी केली, आणि त्यांना वाट दाखवली हीच आपली सर्वांत मोठी कमाई, असं बाबिन्स्की मानत. तेच व्हँसाँ, ज्यांनी जवानांना झटके दिले. माणसं अशीच असतात. एका हाताने चूक करतात, दुसऱ्याने जीव वाचवतात.

पुढच्या वेळी डॉक्टर तुमच्या कोपरावर हातोडी मारतील तेव्हा हसू आवरा आणि हात सैल सोडा. तुम्ही काय सांगताय ते त्यांनी ऐकलंय. आता ते हाताला विचारतायत.